उजव्या डोळ्याचे भिंग

“भिंग डोळ्यात धरायचं नसतं रे, ते आपणहून बसलं पाहिजे. चेहरा आवळलास की हात थरथरलाच म्हणून समज. आधी श्वास सोड.”

हे शब्द मी ऐकले त्याला चाळीस वर्षे होत आली. बोलणारे होते माझे पहिले मालक, आणि ऐकत होता त्यांचा विशीतला मुलगा. मुलाने श्वास सोडला, मान किंचित मागे नेली, आणि मी त्याच्या उजव्या डोळ्यावर जे बसले ते बसलेच.

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. घड्याळे दुरुस्त करणारा माणूस एका डोळ्याला काळी, बुटकी नळी लावून काम करतो, ती तुम्ही कधी तरी पाहिली असेल. तीच मी. एका टोकाला जाड काच, दुसऱ्या टोकाला पसरट कड. मला दांडी नाही, काडी नाही, दोरी नाही. भुवईच्या हाडाखाली आणि गालाच्या हाडावर देवाने प्रत्येकाला जी खोबण दिली आहे, ती माझे घर. म्हणून माझ्या माणसाचा चेहरा मला जितका जवळून ठाऊक, तितका तो त्यालाही ठाऊक नसतो.

माझा जन्म मला फारसा आठवत नाही. गार पाणी, लाल भुकटी आणि गरगर फिरणे, एवढेच आठवते. घासून घासून जे उरले ते मी. तेव्हा फार सोसवले नाही, पण सोसल्याशिवाय आरपार दिसत नाही हे पुढे कळले.

पहिले मालक गेले आणि मुलगा दुकानात बसू लागला. त्या मुलालाच पुढे सगळे घड्याळजी म्हणू लागले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी टेबल, टेबलाच्या कडेला बोटभर उंच पट्टी, म्हणजे एखादा स्क्रू घरंगळला तरी खाली जायला नको. वर पांढरा कागद, चिमटे, तेलाची इवलीशी वाटी, आणि उघडलेल्या घड्याळांवर झाकायला काचेच्या टोप्या. मी त्यांच्या डोळ्यावरून उतरायचे ते फक्त जेवायला आणि झोपायला.

घड्याळजींच्या डाव्या डोळ्यात तेराव्या वर्षी तार लागून फूल पडले होते. त्या डोळ्याला उजेड कळे, माणसाचा आकार कळे, त्यापुढे काही नाही. “माझा डावा डोळा नुसती हजेरी लावतो,” ते गिऱ्हाइकांना सांगत, “राबतो तो उजवाच.” गिऱ्हाईक हसे. पण यातली खरी गोष्ट मला ठाऊक होती. त्यांचे सगळे जग त्या एका उजव्या डोळ्यातून आत येत होते, आणि त्या दारावर मी उभे होते.

आमच्या कामाचे कौतुकही खूप झाले. एकदा एक बाई तिच्या गेलेल्या नवऱ्याचे मनगटी घड्याळ घेऊन आली. ते दोन मिनिटे चाले आणि थबके. तीन दुकानांनी हात टेकले होते. घड्याळजींनी मला लावून ते तासभर नुसते न्याहाळले. केसाहून बारीक अशा कमानीत पापणीचा एक केस अडकला होता. चिमट्याने तो काढला आणि घड्याळ चालू झाले. बाईने तो केस कागदाच्या पुडीत बांधून मागून घेतला. “त्यांचाच आहे हो,” म्हणाली. ती गेल्यावर घड्याळजी बायकोला हळूच म्हणाले, “माझाही असू शकतो गं.” त्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, तिने चहाचा कप ठेवता ठेवता दटावले, “गप्प बसा. तिला त्यांचा वाटला ना, मग त्यांचाच.”

असे दिवस होते. मग मी बसेनासे झाले.

नक्की कधी, हे सांगणे कठीण आहे. आधी त्यांना सर्दी झाली, ती उजव्याच नाकपुडीला, आणि गेलीच नाही. रुमालावर कधी कधी गुलाबी डाग दिसे. उजव्या डोळ्यातून पाणी येऊ लागले. माझी काच आतून धूसर होई आणि ते मला सारखे पुसत. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, “रोज आठ तास डोळ्यात डबी कोंबून बसल्यावर पाणी नाही तर काय अत्तर येणार? थेंब देतो, घाला.” वहिनी म्हणाल्या, “ते भिंग चार दिवस काढून ठेवा बघू. गालावर वळ कसा उमटलाय!” पुढे उजवा गाल बधिर झाला. दाढी करताना कापले तरी त्यांना कळेना. तेही माझ्याच माथी आले.

आणि एका सकाळी, तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच, मी त्यांच्या डोळ्यावरून निसटून उघड्या घड्याळावर पडले. आतल्या चाकाचा आस वाकला. घड्याळजींनी चाकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. आरशाकडे मात्र पाहिले नाही. त्यांचा सगळा जन्म यंत्रे दुरुस्त करण्यात गेलेला, एखादी वस्तू नीट बसत नसेल तर दोष वस्तूचाच, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. “झिजलंस रे बाबा,” ते मला म्हणाले, आणि बारीक कानस घेऊन त्यांनी माझी कड घासली. आठवड्याने पुन्हा घासली. मग कडेवर रेशमी दोरा गुंडाळला. मग एका अंगाला अधिक, एका अंगाला कमी.

मित्रांनो, मी झिजले नव्हते. आता त्यांच्या पापण्या माझ्या काचेला आतून टेकत होत्या. पूर्वी कधीच टेकत नव्हत्या. डोळा पुढे येत होता. त्याला मागून कुणीतरी ढकलत होते. हे सगळ्या जगात फक्त मला कळत होते आणि मला तोंड नव्हते. मला कापून कापून घड्याळजी त्या दुखण्याला जागा करून देत राहिले. असे आठ महिने गेले.

शेवटी पाहिले ते वहिनींनी. घड्याळजी मला उतरवून पुसत होते. खुर्चीमागून वाकून त्या टेबलावर चहा ठेवत होत्या, आणि वरून त्यांची नजर नवऱ्याच्या कपाळावरून खाली गेली. डाव्या भुवईखाली काही दिसत नव्हते. उजव्या भुवईपुढे डोळ्याचा गोल दिसत होता.

“अहो,” त्या म्हणाल्या. “जरा तसेच बसा. हलू नका.”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवले. तिथून मोठे रुग्णालय. नाकात दुर्बीण घातली, तुकडा काढला, आणि आम्ही एका डॉक्टरबाईंसमोर बसलो. मी घड्याळजींच्या खिशात होते, सवयीने. डॉक्टरबाईंच्या कपाळावर चष्म्याला जोडलेली दोन भिंगे होती. आपल्या जातीचे कुणीतरी दिसल्यावर मला जरा धीर आला.

घड्याळजींनाही आला असावा. त्यांनी विचारले, “किती पट?”

“साडेतीन,” त्या म्हणाल्या.

“माझं दहा.” त्यांनी मला काढून टेबलावर ठेवले.

डॉक्टरबाईंनी मला उचलले, कडेवरचा दोरा पाहिला, कानशीच्या खुणा पाहिल्या. “हे कधीपासून घासताय?”

“आठेक महिने.”

“दहा पट दिसत होतं तुम्हाला,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि स्वतःच्या नाकाखालचं दिसलं नाही.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते फार लागले.

मग त्यांनी कागदावर चेहरा काढून समजावले. नाकाच्या बाजूला, गालाच्या हाडात एक पोकळी असते. तिथे कर्करोग झाला होता. त्या पोकळीचे छत तीच डोळ्याखालची जमीन, आणि ते हाड कागदासारखे पातळ. ते खाल्ले गेले होते.

“पण डोळ्याभोवती आणखी एक पडदा असतो,” त्या म्हणाल्या, “कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. पातळ, पण चिवट. गाठ त्याच्याशी थांबली असेल तर डोळा राखता येतो. तो ओलांडून मागच्या चरबीत, स्नायूंत शिरली असेल, तर डोळा काढावा लागेल. तेव्हा डोळा ठेवला तर गाठही ठेवल्यासारखीच.”

“स्कॅनमध्ये कळत नाही?”

“अंदाज येतो. खरं कळतं ते उघडल्यावर. तिथला तुकडा लगेच तपासायला पाठवतो, अर्ध्या तासात निरोप येतो. तोवर आम्ही हात आवरून थांबतो.”

त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. घड्याळजींनी मला हातात धरून त्यावरून फिरवले. ‘गरज भासल्यास उजवा डोळा काढण्यास माझी हरकत नाही.’ माझ्यातून ती अक्षरे केवढाली दिसत होती!

“ही ओळ खोडता येईल?”

“येईल. कागद तुमचा आहे. पण मग आत माझे हात बांधलेले असतील.”

घड्याळजींनी मला कागदावर ठेवले. मग स्वतःशीच हसल्यासारखे म्हणाले, “लोक बंद घड्याळ आणतात आणि सांगतात, उघडा, पण आतलं काही बदलू नका. मी म्हणतो, उघडल्याशिवाय शब्द देता येत नाही. आज मी त्या बाजूला बसलोय.” आणि त्यांनी सही केली.

बाहेरच्या लांबट खोलीत वहिनींनी मला त्यांच्याकडून मागून घेतले. मुठीत धरून भिंतीकडे तोंड केले आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. मुठीत असल्यामुळे मला शब्द ऐकू आले. “देवा, त्यांचा उजवा डोळा राहू दे. राहिला तर रोज उजाडल्यापासून दुपारी बारापर्यंत मी मौन पाळीन. जन्मभर पाळीन.” घड्याळजींच्या घरात तीस वर्षे काढलेली बाई ती, मोघम मागणे तिला ठाऊकच नव्हते. तिने नेमके तेवढेच मागितले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही त्याच खोलीत बसलो. दुपारी एक शिकाऊ डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले, “तुकडा तपासायला गेलाय.” समोर भिंतीवर घड्याळ होते, ते चार मिनिटे मागे होते. वहिनींच्या तळहाताच्या घामाने माझ्या कडेचा दोरा ओला झाला. अर्धा तास म्हणजे किती, हे मला वाटले होते मला ठाऊक आहे.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. टोपी काढली तेव्हा त्यांच्या कपाळावर पट्ट्याचा वळ होता. “पडद्याला एका जागी चिकटली होती. तेवढा पडदा काढला. मागची चरबी स्वच्छ आहे. डोळा ठेवलाय.” खालची जमीन नव्याने बांधली होती, एक बारीक जाळी आणि तिच्यावर मांडीतून घेतलेले आवरण. वहिनी त्यांच्या पाया पडायला वाकल्या, तर त्यांनी अर्ध्यातच धरून उभे केले.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी घड्याळजींना समोर बसवले. “डोळा ठेवला, पण मला एक वचन हवंय. दर दोन महिन्यांनी तपासणी. आणि देव न करो, पण हे परत आलं, तर मी समजूत घालत बसणार नाही. जे करायचं त्यासाठी तुम्ही आपल्या पायांनी यायचं. आठ महिने भिंगाला शिव्या द्यायच्या नाहीत.”

“दिलं वचन. घड्याळजीचा शब्द आहे, एक मिनिट पुढेमागे होणार नाही.”

“घड्याळजींनी कधी वेळेवर काम दिलेलं मी तरी पाहिलं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि घड्याळजी अर्ध्या चेहऱ्याने हसले. दुसऱ्या अर्ध्याला हसता येत नव्हते.

मग सहा आठवडे रोज किरणांचे उपचार. डोळा राहिला, मित्रांनो. पण डोळ्याचे काम राहिले नाही. तो कोरडा पडे, चुरचुरे, आणि वाफ धरलेल्या काचेतून पाहावे तसे दिसे. शिवाय तो पूर्वीच्या जागेपासून किंचित खाली सरकला होता, त्यामुळे डाव्या डोळ्याशी त्याचा मेळ बसेना. वहिनी समोर आल्या की त्यांच्या शेजारी त्यांची धुरकट जुळी बहीण दिसे. “एकीशी संसार करताना दमलो,” घड्याळजी म्हणत, “आता मेहुणीही कायमची मुक्कामाला आली.” वहिनी सकाळच्या मौनात असल्या तर नुसता हात उगारून दाखवत.

त्यांनी मला लावून पाहिले. किती वेळा पाहिले! श्वास सोडला, मान मागे नेली. पण ज्या गालाच्या हाडावर मी टेकत असे ते हाडच काढलेले होते. मी घरंगळून मांडीवर पडायचे, ते उचलायचे, मी पडायचे. मग एक दिवस त्यांनी माझ्या कडेवरचा दोरा शांतपणे उलगडून टाकला. गिऱ्हाइके आपापली घड्याळे परत घेऊन गेली. टोप्यांखाली काही उरले नाही. माझ्यावर धूळ बसू लागली. ते मला अजून खिशात ठेवत, पण काढत नसत. घरात दुपारपर्यंत आवाज नसे.

शस्त्रक्रियेनंतर दहाव्या महिन्यात डोळ्यामागे ठणका सुरू झाला. या वेळी त्यांनी कुणालाच दोष दिला नाही. दुसऱ्याच दिवशी गेले. एकटेच गेले.

“मागे, चरबीत आहे,” स्कॅन पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता डोळा राखता येणार नाही.”

“काढल्यावर मी बरा होईन?”

“नाही. तसं मी म्हणणार नाही. ठणका कमी होईल. काही महिने मिळतील कदाचित. कदाचित तेही नाही.”

त्यांनी विचारले, “तेव्हाच काढला असता तर?”

डॉक्टरबाईंनी नजर चुकवली नाही. “हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. त्या दिवशी चरबी स्वच्छ होती. तोच निरोप आज आला, तर मी आजही डोळा ठेवीन. पण ठेवला नसता तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं सांगणार नाही.” मग म्हणाल्या, “उद्या दहा वाजता भरती व्हायला या.”

घरी आलो तेव्हा अकरा वाजले होते. वहिनी दारातच होत्या. घड्याळजींनी सगळे सांगितले, काही न लपवता. आणि बारा वाजायला तासभर असताना वहिनी बोलल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नेम मोडला.

“माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “मी डोळा मागितला. देवाने डोळा दिला. तुम्हाला मागायचं राहूनच गेलं.”

“अगं, वेडी आहेस का?”

“नाही, ऐका. डोळा, डोळा, एवढंच तोंडात. माणूस मागायला हवा होता हो. माणूस मागितला असता तर डोळा गेला असता, गेला असता! मी हाताला धरून फिरवलं असतं तुम्हाला.”

घड्याळजी त्यांच्याजवळ बसले. “देव काय गिऱ्हाईक आहे, पावतीवर लिहिलंय तेवढंच दुरुस्त करायला?”

त्या रडायच्या थांबल्या, पण हसल्या नाहीत. डोळे पुसून म्हणाल्या, “मग उद्या जाऊ नका. काढूनही बरं होणार नाही असं त्याच म्हणतात ना? मग निदान अंधार तरी नको. जेवढे दिवस आहेत तेवढे मला बघत राहा. मेहुणीसकट बघा.”

घड्याळजींनी त्यांचा हात हातात घेतला. मी घड्याळजींच्या खिशात होते, त्यांची छाती माझ्यावर वर-खाली होत होती. “तूच सांग,” ते म्हणाले, “गेल्या वेळी मी लवकर गेलो असतो, तर ही वेळ आली असती का? त्या बाईंनी माझ्यासाठी अर्धा तास हात आवरून धरले. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आहे.”

वहिनी उठून आत गेल्या.

मित्रांनो, मला एवढेच सांगायचे आहे. मी काचेची वस्तू, माझ्यावर किती रागावलात तरी माझे काही जात नाही. पण एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, एकच डोळा सारखा पाझरत असेल, गाल बधिर होत असेल, रोजची वस्तू चेहऱ्यावर बसेनाशी झाली असेल, तर वस्तू घासत बसू नका. कुणाला तरी वरून बघायला सांगा. डॉक्टरांकडे जा. डॉक्टर डोळा जपतात, जिवापाड जपतात, पण त्यांच्या हाती तो वेळेवर पोचावा लागतो. आमच्या घरात सगळ्यांत नेमका वेळ सांगणारा माणूस होता, आणि उशीर त्याच्याच हातून झाला.

आज सकाळी घड्याळजींनी मला खिशातून काढून टेबलावर ठेवले आणि माझ्यावर काचेची टोपी झाकली. रुग्णालयाचे कागद पिशवीत भरले. मग डोळ्यात थेंब घातले आणि दृष्टी जरा निवळेपर्यंत मान वर करून बसून राहिले. वहिनी मौनात होत्या. त्या आल्या आणि कुणी काही न सांगता खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

घड्याळजींनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. आता त्यांना वहिनी एकच दिसत असणार. त्यांनी पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले. वहिनींनी पापणीसुद्धा हलवली नाही.

“झालं,” ते म्हणाले.

हात खाली घेतला, पायात चपला सरकवल्या आणि पिशवी उचलली. दहाला अजून तासभर होता. वहिनींनी पिशवीचा दुसरा बंद धरला, आणि आवाज न करता दार ओढून घेऊन ते दोघे निघाले.